टेलचं पाणी

मुळा उजव्या कालव्याच्या आमच्या चारीवर पाणी वाटून देणारे एक पाटकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही. नेवासा तालुक्यातलं आमचं रान चारीच्या टेलला, अगदी शेवटी. मुळा धरण २६ टीएमसीचं. पण आवर्तन सुटल्यावर वरच्यांनी दारं फोडली की आमच्यापर्यंत नुसती ओल यायची. वडील गेले त्या वर्षी आईनं पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरला. आबा दोन रात्री बॅटरी घेऊन चारीवर फिरले, वरची दारं बंद ठेवली आणि पहाटे तीनला आमचं बारं सुरू करून दिलं. त्या कांद्यावर माझी डिप्लोमाची फी निघाली.

पुढं पुण्यात नोकरी लागली ती क्लाउडच्या कामाची. व्याख्या पाठ झाली, पण उमगली आबांची शेजपाळी, पाळीपाळीनं पाणी द्यायची रीत, आठवल्यावर. अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये आपले संगणक तासाच्या हिशेबानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. म्हणजे प्रत्येकानं धरण बांधायचं नाही. लागेल तेवढं मागायचं, वापरलं तेवढ्याचे पैसे भरायचे. ढग हे नुसतं नाव. संगणक जमिनीवरच असतात, मोठाल्या, थंड ठेवलेल्या इमारतींत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुण्यात आणि २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉननं मुंबईत ही सोय सुरू केली. एका दांडग्या संगणकाचे अनेक वाटे पाडतात, आणि प्रत्येक वाटेकऱ्याला यंत्र आपलं एकट्याचं वाटतं. वाटे पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. मी मनात त्याला पाटकरीच म्हणतो. एकानं जास्त ओढलं तर शेजारच्याचं काम अडतं, म्हणून तो ज्याची त्याची मर्यादा राखतो. शिवाय माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. एक बंद पडलं तरी दुसरं काम चालवतं. कालव्याला ही सोय नाही, फुटला की फुटला.

आबा निवृत्त झाल्यावर दिवाळीत त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गर्दी झाल्यावर टेलला पोचतं का रे?"

"गर्दी वाढली की यंत्रं आपोआप वाढतात, आबा. किती वाढू द्यायची, ते आधी ठरवून ठेवावं लागतं."

"कोण ठरवतं?"

मीच ठरवत होतो. त्याच वर्षी एका प्रवेशअर्जाच्या कामात मी मर्यादा कमी लावली होती आणि शेवटच्या दिवशी पोरं रात्रभर मोबाइल धरून ताटकळली होती. तेही आबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

परतल्यावर पहिली ती मर्यादा वाढवली. पुढच्या वर्षी शेवटच्या तारखेला पहाटे तीनला गावाकडच्या मावसभावाला फोन लावला, "तुझ्याकडं पान उघडतंय का?"