उचललेलं बोट

हिंदी सिनेमात नायक पियानोसमोर बसला की समजायचं, नायिकेचं लग्न दुसऱ्याशी ठरलंय. सोलापुरात वाढलेल्या माझ्यासारख्याची या वाद्याशी ओळख तेवढीच. घरात होती ती पेटी. त्यामुळे ग्लेन गूल्डने वाजवलेला बाख पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा शंकाच आली, की हा नक्की पियानो आहे ना? सिनेमातल्या पियानोची ती घुमणारी हुरहुर इथे नव्हती. एकेक सूर सुटा, कोरडा, काठ स्वच्छ असलेला. आणि मागे कुणीतरी चक्क गुणगुणत होतं.

गुणगुणणारा खुद्द गूल्डच. टोरांटोचा हा वादक (१९३२–१९८२) वाजवताना गप्प बसू शकत नसे. ध्वनिमुद्रण करणारे त्याच्यापुढे हात टेकायचे. त्याची खुर्ची वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. या दोन गोष्टींवर तिकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. मांडी घालून पेटीवर बसणारा माणूस पाहिलेल्यांना त्याचं काय नवल? साथीदाराच्या हुंकाराला तर आपण दाद देतो. पण खुर्चीमागे लहर कमी आणि हिशेब जास्त होता. इतक्या खाली बसलं की खांद्याचा भार पट्ट्यांवर टाकता येत नाही. जे काय करायचं ते बोटांनीच.

बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १७४१ साली छापली गेली ती हार्पसिकॉर्डसाठी, तेही दोन मजली पट्ट्यांच्या. त्या वाद्यात तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही आणि सूर लवकर विझतो. पियानो याच्या अगदी उलट. लहानमोठा आवाज बोटाच्या दाबावर, आणि पेडलवर पाय ठेवला की सूर एकमेकांत मिसळून रेंगाळतात. हे सगळं हाताशी असताना गूल्डने त्यातलं बहुतेक बाजूला सारलं. पेडल जवळजवळ नाहीच. पुढचा सूर यायच्या आत आधीच्या पट्टीवरून बोट उचललेलं.

आमच्या पेटीवाल्यांनी आयुष्य घालवलं ते नेमकं उलट कसरतीत. पेटीत मींड नाही, दोन सुरांमधली जागा नाही. याच दोषावर बोट ठेवून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं, आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला तीस वर्षं गेली. भास्करबुवा बखल्यांच्या गायकीने भारावलेले गोविंदराव टेंबे असोत, पी. मधुकर असोत की त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, या मंडळींनी वाद्यात नसलेलं गाणं बोटांनी आणि भात्याने त्यातून काढलं. एका पट्टीवरचं बोट निघायच्या आत दुसरी दाबलेली, मध्ये एखादा कण असा निसटता की कानाला वाटावं, सूर घसरत आला. वाद्य देत नाही ते आमच्या लोकांनी मागून घेतलं. गूल्डने वाद्य देत होतं ते नाकारलं. पेटीवर कान तयार झालेल्याला म्हणूनच त्याचं वादन कोरडं न वाटता निवळ वाटतं, असं माझं मत आहे.

हे निवळपण लागतं कशाला? बाखमध्ये एका वेळी दोन-तीन चाली स्वतंत्रपणे चालतात. त्यातली एक गाणं आणि बाकीच्या साथ, असा प्रकार नाही. सगळ्यांचा मान सारखा. ‘गोल्डबर्ग’मध्ये सुरुवातीच्या आरियानंतर तीस रूपं येतात आणि दर तिसऱ्या रूपात जवळपास शेवटपर्यंत एक आवाज दुसऱ्याची नक्कल करत मागून येतो. पंधराव्यात तर नक्कल उलटी आहे: पुढचा आवाज खाली उतरला की मागचा तेवढाच वर चढतो. सोलापुरी चादर उलटून पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. नक्षी तीच, फक्त या बाजूला जिथे लाल तिथे त्या बाजूला पांढरं, आणि दोन्ही बाजू मागावर एकाच वेळी विणलेल्या. पेडलच्या ओलाव्यात ही वीण दिसेनाशी होते. गूल्ड ती दाखवतो.

त्याने ही रचना पुन्हापुन्हा वाजवली, पण बोलबाला आहे तो दोन स्टुडिओ मुद्रणांचा. १९५५ चं साडेअडतीस मिनिटांचं. त्याने तो रातोरात प्रसिद्ध झाला. १९८१ चं एक्कावन्न मिनिटांचं. मधल्या काळात, १९६४ मध्ये, त्याने जाहीर मैफली कायमच्या सोडल्या होत्या. पहिल्यात आरिया दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या वर जाते. पण खरा फरक वेगाचा नाही, लयीच्या हिशेबाचा आहे. पहिल्या खेपेला प्रत्येक रूपाची गती आपल्यापुरती. दुसऱ्या खेपेला सगळी एका अंतर्लयीला बांधलेली. दुगुन-तिगुन करतानाही मूळ लय मनात धरून बसणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे लगेच उमगावं. जुन्या मुद्रणातलं पंचविसावं रूप पुढे त्याचं त्यालाच शोपँच्या ढंगाचं, जास्तच भावविवश वाटू लागलं. मला ते अजून आवडतं. कलावंताने स्वतःला नापास केलं म्हणून आपण करावं असं नाही.

हाच गूल्ड मोझार्टला मात्र छळतो. तिथे गाणं हवं असतं, आणि याला त्या गाण्याचा मनापासून कंटाळा आहे हे सुरासुराला जाणवतं.

तेव्हा ऐकायचं असेल तर १९८१ चं मुद्रण आधी ऐका. वरच्या सुरांमागे धावू नका. ते आपोआप ऐकू येतात. डाव्या हातावर कान ठेवा, आणि पंधरावं रूप लागोपाठ दोनदा ऐका.