भात सोडला, पण बट्टी?

"डॉक्टर, भात सोडलाय, तरी शुगर उतरत नाही." जळगाव-धुळ्याकडचे असाल तर हे तुम्हीही म्हटलं असेल. रविवारी काय जेवलात? वरण-बट्टीचं पार्सल. आणि भात? "त्यात आलेला, तेवढाच."

बट्टी म्हणजे गहू-मक्याचं जाडसर पीठ, वाफवून, कापून तळलेलं. घरी एकदा वजन केलं, तर एका बट्टीत दोन पोळ्यांचं पीठ निघालं. पोळ्या आपण मोजतो. चुरलेली बट्टी वरणात दिसतच नाही. शिवाय तेल-तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर उशिरा चढते. मग जेवणानंतर दोन तासांची तपासणी कधी बरी येते, आणि आपण खूश!

हे न विचारता मी एका काकांची गोळी वाढवली होती. एकादशीला उपाशीपोटी तीच गोळी घेतली आणि घाम फुटून ते ओट्यावरच बसले. साखर घातलेलं पाणी दिलं म्हणून निभावलं.

बट्टी सोडा म्हणणार नाही, मलाही जमलेलं नाही. चुरण्याआधी मोजा. एकच घ्या, भात नको, घोटलेली वांग्याची भाजी आधी खा. उपास असेल तर गोळीचं आदल्या दिवशीच विचारा. आणि पुढच्या वेळी रिपोर्टसोबत बट्ट्यांचा आकडाही आणा.