शेवटची पंगत

आमच्याकडची लग्ने मला आठवतात ती पंगतींच्या क्रमाने. पहिली पंगत वरपक्षाची, दुसरी गावातल्या मानकऱ्यांची, मग पाहुणेरावळे, मग पोरेसोरे. आणि ऊन कलल्यावर शेवटची पंगत बसे ती सकाळपासून चुलीपाशी राबलेल्या बायकांची आणि वाढप्यांची. तोवर बुंदी तळाला गेलेली असे, आमटीत पाणी वाढलेले असे. ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरणारे यजमान एव्हाना लवंडलेले असत. आई त्या पंगतीला बसे आणि मीठ हवे झाले तर स्वतःच उठून घेई. मांडवाबाहेर भांडे घेऊन ताटकळणाऱ्यांची तर पंगतच नसे. यात काही वावगे आहे असे मला लहानपणी वाटले नाही. एम. ए.ला दलित आत्मकथने अभ्यासली, त्यांतल्या उष्ट्या अन्नाच्या वर्णनांवर उत्तरे लिहिली, गुणही चांगले मिळवले. तरी त्या पानांचा आणि आमच्या मांडवाचा संबंध मी कधी जोडला नाही. तो जोडला गेला फार दूर, स्वीडनमध्ये.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी एका विद्यार्थी संघटनेच्या कामासाठी वर्षभर उप्सालाला गेले. परदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना खोली मिळवून देणे, कागदपत्रे भरून देणे, गाव दाखवणे असे ते काम. उप्सालाचे विद्यापीठ १४७७ सालचे. तिथे विद्यार्थ्यांची १३ ‘नेशन’ आहेत. राष्ट्रे नव्हेत, तर स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या मुलांनी सतराव्या शतकापासून बांधलेली मंडळे. प्रत्येकाची स्वतःची वास्तू, ग्रंथालय, स्वयंपाकघर. सभासदत्वाची सक्ती २०१० मध्ये उठली. मी होते तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला कुठल्या तरी नेशनचे सभासद व्हावेच लागे. बाहेरून आलेल्याने कुठलेही नेशन निवडावे, त्याला प्रांत विचारला जात नसे.

या गावाला समारंभांचे वेड आहे. जानेवारीच्या अखेरीस नव्या डॉक्टरांना पदवी देताना तोफा डागतात, तत्त्वज्ञान शाखेच्या विद्वानांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवतात. ३० एप्रिलला दुपारी ३ वाजता कुलगुरू ग्रंथालयाच्या सज्जात येऊन आपली पांढरी टोपी हलवतात आणि खाली जमलेले हजारो लोक आपापल्या टोप्या हलवून हिवाळ्याला निरोप देतात. मी हे सारे काहीशा तुच्छतेने पाहत असे. आपल्या समीक्षेत ‘औपचारिक’ हा शब्द दूषण म्हणूनच वापरला जातो. औपचारिक भाषण म्हणजे पोकळ भाषण, औपचारिक कविता म्हणजे मेलेली कविता. मी त्याच संस्कारांतली.

पण मला काम पडले ते नेमके समारंभांचेच. नेशनमध्ये ‘गास्क’ नावाची मेजवानी असते. निमंत्रणपत्रिकेत पोशाखाचा नियम छापलेला असतो : पुरुषांना शेपटीचा काळा कोट, स्त्रियांना पायघोळ झगा, अथवा आपल्या मुलखाचा पारंपरिक वेष. बसण्याची जागा आधी ठरलेली, ताटापाशी नावाची चिठ्ठी. पेला उचलताना शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचे, घोट घेतल्यावर पुन्हा पाहायचे, मगच पेला खाली ठेवायचा. मध्येच एक जण उठून गाणे सुरू करतो, सगळे जण छापील गाण्यांच्या वह्या उघडून गातात. पंगतीत श्लोक म्हणायची आपली पद्धत मला आठवे. मात्र मी हे पाहत होते ते स्वयंपाकघराच्या दारातून. संघटनेची माणसे आणि नेशनची मुले मिळून वाढप करीत असू. शंभरेक ताटे दोन रांगांनी न्यायची, परत आणायची, भांडी घासायची, मध्यरात्रीनंतर बर्फातून चालत खोलीवर यायचे. वाढप्याचे काम मला नवे नव्हते. त्यामुळे त्याबद्दल काही म्हणावे असेही वाटले नाही.

फेब्रुवारीत माझ्या नावाने एक निमंत्रण आले. सत्रभर राबलेल्यांसाठी आभाराची मेजवानी होती. मला वाटले, उरलेसुरले खायचे आणि टाळ्या वाजवायच्या. पण पत्रिकेत पोशाखाचा तोच नियम छापलेला होता. मी आईची इरकल नेसले, आत लोकरीचे मोजे चढवले, चपला पिशवीत घेतल्या आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे दारात बूट काढून त्या घातल्या. तेच दालन, तेच पांढरे कापड, त्याच मेणबत्त्या. माझ्या नावाची चिठ्ठी होती, अक्षर वळणदार, स्पेलिंग चुकलेले. आणि वाढायला कोण? नेशनचा क्युरेटर, म्हणजे मुलांनीच निवडून दिलेला प्रमुख, आणि त्याचे सहकारी. एरवी मुख्य टेबलावर बसणारा तो उंच मुलगा कमरेला फडके बांधून बटाट्यांचे पातेले घेऊन माझ्या डाव्या हाताला उभा होता.

मी उठले. पातेले जड आहे, आपण धरावे, एवढेच मनात आले. खरे तर मनात येण्याआधीच मी उठले होते. शेजारी बसलेली मुलगी, जिच्याबरोबर मी कितीतरी रात्री भांडी घासली होती, हळूच म्हणाली, “बस. आज आपली पाळी.” मी बसले. पुढचा पदार्थ कोणता होता ते आज आठवत नाही. शेवटच्या पंगतीत मिठासाठी उठलेली आई मात्र दिसत राहिली. तिच्यामागे मांडवाबाहेरची भांडीही दिसली. तेव्हा लक्षात आले, ज्याला मी पोकळ म्हणत होते त्या नियमांनीच मला बसवले होते. प्रेमाने कुणी ‘बस गं’ म्हटले असते तर मी हसून टाळले असते. आई आयुष्यभर तेच करीत आली. नावाची चिठ्ठी टाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर आईला सगळे सांगितले. ती कौतुकाने ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मग ते वाढणारे कधी जेवले?”

मला ठाऊक नव्हते. मी पाहिलेच नव्हते. एका रात्रीत मी पहिल्या पंगतीतली झाले होते. पुढच्या आठवड्यात चौकशी केली : स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, उरलेले. म्हणजे शेवटची पंगत तिथेही होती. फरक एवढाच की तिथे तिची पाळी फिरती होती आणि आमच्याकडे ती ठरलेल्या माणसांचीच.

परत आले, प्राध्यापक झाले. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी स्नेहसंमेलन होते. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शनात शिपायांचा उल्लेख ‘ज्ञात-अज्ञात हात’ असा. २०१९ साली समितीची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी शिपाई, सफाई कामगार आणि स्वयंसेवक विद्यार्थी यांच्यासाठी जेवण ठेवले. टेबलावर कापड, नावांच्या चिठ्ठ्या, वाढायला आम्ही प्राध्यापक. काही सहकाऱ्यांना हे नाटकी वाटले. तसे ते थोडे होतेही. निवृत्तीला आलेले एक मामा तर दोन घासांनंतर उठून जग घेऊन सगळ्यांना पाणी वाढू लागले. मी म्हटले, “मामा, बसा. आज आमची पाळी.” ते म्हणाले, “मॅडम, बसून घास उतरत नाही.” जग मात्र त्यांनी माझ्या हाती दिला, आणि खुर्चीच्या कडेवर टेकून ताट संपवले.

संध्याकाळी आईला सांगितले. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर माझ्याकडे होते : आम्ही नंतर जेवलो, उभ्यानेच. भात संपला होता.