कापूर आणि भट्टी

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या गवतासारख्या उभ्या उगवाव्यात म्हणून आमच्या प्रयोगशाळेने कापराचे मागणीपत्र सादर केले, तेव्हा रसायनांच्या सदरात पूजासाहित्य कसे दाखल करावे, अशी हरकत हिशेबखात्याने घेतली. आणि नागोया येथील मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी २००३ साली कापरापासूनच अशा नळ्या उगविल्याची वार्ता दफ्तरापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नसल्यामुळे, ती हरकत मला तरी गैरवाजवी वाटली नाही.

कृती सांगावयास सोपी आहे. कापरात थोडेसे फेरोसीन मिसळून ते क्वार्ट्झच्या लांब नळीत एका बाजूला दोनशे अंशांच्या आसपास तापवावयाचे, आणि त्याची वाफ अर्गॉनच्या मंद प्रवाहाबरोबर भट्टीच्या साडेआठशे अंशांच्या भागात न्यावयाची. तेथे फेरोसीन फुटून लोहाचे कण आत ठेवलेल्या पट्टीवर बसतात, कापरातून सुटलेला कार्बन त्या कणांत मुरतो, आणि कण संपृक्त झाला की तोच कार्बन नळीच्या रूपाने बाहेर पडू लागतो. यातले डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसतात ते केवळ अर्गॉन बाहेर पडतो त्या वाटेवरील बबलरमधील बुडबुडे, आणि तेही मंदावले की क्वार्ट्झच्या नळीच्या थंड तोंडाशी कापूर पुन्हा गोठून पांढरे बूच बसू लागले, हे ओळखावे लागते.

उष्ण अवस्थेत हवा लागल्यास नळ्या जळून जातात, म्हणून भट्टी अर्गॉनमध्येच निवू दिल्यावर जी पट्टी हाती येते, तिच्यावर मखमली काळा थर असतो. असल्याच एका विरळ थरावरून प्रकाशाचा अवघा ०.०४५ टक्का परावर्तित होतो, असे अमेरिकेतील रेन्सेलर संस्थेत पुलिकल अजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मोजले. आमचा थर इतका काळा होता असा दावा मी करणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एक गोष्ट मला विशेष वाटली, ती ही की सुटी नळी वाकडीतिकडीच असते, आणि तिच्या उभे राहण्यात अंगच्या ताठपणापेक्षा शेजारणींच्या दाटीचाच वाटा मोठा असतो. लोहाचे कण विरळ पडले की त्याच नळ्या आडव्या होऊन गुंततात.

अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी तो वाळताना नळ्यांना एकमेकींकडे ओढून घेतो आणि सबंध थराला भेगांची जाळी पडते. म्हणून नमुना धुण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे. धूळ बसली तर बसू द्यावी, आणि फारच बसली तर नवा उगवावा, कापूर काही महाग नाही.