सांगितलेला ऐब : भिवंडीत जुनी गाडी घेताना

पनवेलहून वसईकडे जाणारी गाडी खाडीवरचा पूल ओलांडून भिवंडी रोड स्टेशनात आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अम्मी बरोबर नव्हती, पण आम्ही आलो होतो ते तिच्यासाठीच. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावे लागते. जाताना ती रिक्षात बसून जाते. येताना मात्र तिला बसवत नाही; ती मान टाकते आणि प्रत्येक खड्ड्याला आमचा हात घट्ट धरते. घरात गाडी हवी, हे ठरून सहा महिने झाले होते. नवी घ्यायची तर कर्ज आले आणि कर्ज म्हटले की व्याज आले. ते घरात कोणालाच नको होते. दोघांच्या पगारातून मागे टाकलेले दीड लाख रुपये तेवढे हाताशी होते. एवढ्यात गाडी घ्यायची तर ती जुनीच, आणि जुनी घ्यायची तर भिवंडीला, कारण तिथे आमचे खालू आहेत.

अंजूरफाट्यावरून रिक्षा धामणकर नाक्याकडे निघाली. एका बाजूला कापडाचे तागे लादलेले टेम्पो, दुसऱ्या बाजूला गोदामांकडे वळणारे मोठे कंटेनर आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसे. गल्लीत शिरलो की यंत्रमागांची खटखट सुरू होते. नव्या माणसाचे डोके उठते. भिवंडीकरांना मात्र ती थांबली की झोप येत नाही, असे खालू म्हणतात.

हे शहर जुन्या यंत्रांवरच मोठे झाले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे आले, दुरुस्त झाले आणि पुन्हा धावू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला, गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे पुष्कळ काम भिवंडीकडे वळले. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणाकडचे पद्मशाली, इथले कोकणी मुसलमान, आगरी, सगळ्यांची चूल या जुन्या लोखंडावर पेटली. आता तेच माग किलोच्या भावाने भंगारात जाताना दिसतात. खालूंनी चाळीस वर्षे हे माग दुरुस्त केले. धोटा नीट जातो की अडतो, हे ते दुसऱ्या खोलीतून आवाजावर सांगतात. गाडीच्या इंजिनालाही ते तसेच कान लावतात.

शांतीनगरात त्यांच्याकडे चहा झाला. खालू उर्दूत बोलतात. इथे ते मराठीत देत आहोत. ते म्हणाले, "बेटा, रंग बघू नकोस. रंग विकणाऱ्याचा असतो, इंजिन घेणाऱ्याच्या गळ्यात पडते."

कल्याण नाक्याच्या पुढे एका दलालाकडे पहिली गाडी पाहिली. चकचकीत, मोठी आणि आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त. नंबर दिल्लीचा होता. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधने आणली. तेव्हापासून तिकडच्या उतारवयाच्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येतात. अशी गाडी घेणे गुन्हा नाही. पण मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, महाराष्ट्राचा रस्ता कर भरायला हवा आणि इथला नंबर घ्यायला हवा. तो खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. दलाल म्हणाला, "एनओसी येईल महिन्याभरात." खालू तिथूनच मागे फिरले. "कागद महिन्याभराने येणार असेल तर आपणही महिन्याभराने येऊ."

दुसरी गाडी चंदेरी वॅगन-आर होती. आमचे मन तिच्यावर बसले. आतून अत्तराचा घमघमाट, गाद्यांवर नवी कव्हरे. खालूंनी आधी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते. म्हणजे आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या चावीला कसे उठते, सुरुवातीला किती धूर सोडते, यातच त्याची खरी तब्येत कळते. म्हणून जुनी गाडी नेहमी थंड असताना पाहावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट आत गळते आहे. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तरी तोच संशय घ्यावा.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ होता. जो भाग सहसा गुंडाळलेलाच राहतो, त्यावर मातकट पट्टा होता. गादीखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. पायाखालचे मॅट उचलले तर खाली वाळलेली चिकणमाती. गाडी पुरात बुडालेली होती. कामवारी नदीकाठच्या शहराला हे शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस इथे कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पाण्यात गेलेली गाडी धुऊन चालू होते, पण तिच्या वायरिंगमध्ये ओल राहते. आज हॉर्न बंद, उद्या दिवे, परवा भर रस्त्यात इंजिन. अम्मीला घेऊन परतताना असे झाले असते तर?

दलाल म्हणाला, "चाचा, पाऊस तर सगळ्यांवरच पडतो."

या वाक्याने आम्हाला हदीसमधला तो प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी त्याला पावसाबद्दल दोष दिला नाही. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हे विचारले. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. फिकहमध्ये याच पायावर 'खियारे-ऐब' आहे. विकताना लपवलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे.

दुपारी जुहरनंतर खालू आम्हाला पद्मानगरला घेऊन गेले. साइजिंगच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीचे एक तेलुगू गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची २०१२ ची सँट्रो विकायची होती. बॉनेट थंड होते. अण्णांनी चावी आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, चालवायच्या आधी ऐकून घ्या. डावा पुढचा दरवाजा ठोकून रंगवलेला आहे. क्लच आणखी वर्षभर चालेल, पुढे नाही. रेडिएटरचा पंखा कधी कधी उशिरा लागतो; ट्रॅफिकमध्ये काट्यावर लक्ष ठेवा. टायमिंग बेल्ट साठ हजारला बदलला, ही पावती."

टायमिंग बेल्टची पावती ही मोठी गोष्ट आहे. ज्या इंजिनांत साखळीऐवजी बेल्ट असतो, त्यांत तो वेळेवर बदलावा लागतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागेवर बंद पडते, आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून मोठा खर्च निघतो.

खालूंनी तरी सगळे तपासलेच. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले. डाव्या दरवाजावर ते धरेना, म्हणजे तिथे पुट्टी होती. बाकी सगळीकडे धरले. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली. टक-टक आवाज आला असता तर अॅक्सलचा जॉइंट गेला असे समजायचे. चौथ्या गिअरमध्ये जोराने दाबले; इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला. मीटर ७१ हजार दाखवत होते. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज त्याला साजेशी होती. अण्णांनी सांगितले होते त्यापेक्षा एकही जास्तीचा दोष निघाला नाही.

आणि आमची मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी मारुती ८०० विकली होती. ती आठवड्याला अर्धा लिटर कूलंट पीत असे. मेकॅनिकने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले होते. विकायच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी धुतली, कूलंट काठोकाठ भरले आणि गप्प बसलो. घेणारा शिलाईचे दुकान टाकलेला तरुण होता. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. वर्गात मुलांना अमानतीचा धडा शिकवणारे आम्ही. मराठीतली 'अनामत' हा त्याच अमानतीचा बदललेला उच्चार आहे, हेही आम्ही फळ्यावर लिहून सांगतो.

सौदा एक लाख बावीस हजारांना ठरला. कागदांबाबत अण्णा आमच्याहून दक्ष होते. चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला. चलन बाकी नव्हते, बँकेचा बोजा नव्हता. बोजा असता तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागला असता. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. पुष्कळ लोक सह्या घेऊन फॉर्म कपाटात ठेवतात. ते फार धोक्याचे आहे. हरियाणातल्या एका प्रकरणात २००७ साली विकलेली गाडी हातोहाती फिरली, नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये तिने अपघात केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या त्या पहिल्या मालकावरच टाकली.

आमच्या गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले, वर पर्यावरण करही असतो. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी घेताना हा खर्च किमतीत धरावा.

अस्रनंतर निघालो. राजनोली, माणकोली मागे पडली, खारेगाव ओलांडले आणि मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. खाली खाडी आणि मुंब्र्याच्या इमारती, समोर धूर. दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर सरकू लागला. अण्णांनी सांगितले नसते तर आमची नजर त्या काट्यावर गेलीच नसती. एसी बंद केला, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडला. इंजिनची उष्णता आत आली, आम्ही घामाने भिजलो, पण काटा थांबला. जागा मिळताच कडेला घेऊन गाडी बंद केली. रेडिएटरचे झाकण उघडले नाही. गरम असताना उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. अर्ध्या तासाने निघालो. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या मेकॅनिकने पंख्याचा रिले बदलला. चारशे रुपये लागले.

सांगितलेला ऐब चारशे रुपयांत मिटला. न सांगितलेल्याचे काय झाले, हे विचारायला त्याच रात्री इशानंतर आम्ही त्या शिलाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, दुसऱ्याच महिन्यात इंजिन उघडावे लागले. नऊ हजार गेले. पण तुमच्याबद्दल मनात काही नाही. मला वाटले, तुम्हालाही माहीत नसेल."

"माहीत होते," आम्ही म्हणालो.

तो बराच वेळ बोलला नाही. अर्धे पैसे या पगारातून आणि अर्धे पुढच्या पगारातून देतो, असे सांगितल्यावर म्हणाला, "पहिला हप्ता ईदच्या आधी दिलात तर बरे होईल, सर." तेवढे तरी आम्ही वेळेवर केले.

मंगळवारी अम्मीला आणायला गेलो. पुढची गादी मागे कलवली, तिच्या मानेखाली उशी दिली. ती घरापर्यंत झोपली. आमचे एक लक्ष रस्त्यावर होते आणि एक काट्यावर.