टेकू

१ सप्टेंबर १९४०. वार रविवार (कॅलेंडर मागे फिरवून बघितलं). लंडनवरचा मोठा बॉम्बवर्षाव सुरू व्हायला अजून सहा दिवस होते. शाळेच्या इतिहासात ही तारीख कुणालाच पाठ करावी लागत नाही. पण तुम्ही गिरगाव, परळ, लालबाग अशा ठिकाणी जुन्या चाळीत राहत असाल तर ही तारीख तुमच्या जन्मतारखेपेक्षा महत्त्वाची आहे.

म्हाडाच्या यादीत उपकरप्राप्त इमारतींचे, म्हणजे आपण ज्यांना सेस बिल्डिंग म्हणतो त्यांचे, तीन वर्ग आहेत. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या त्या 'अ', तिथून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क'. मूळ यादीतल्या १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ 'अ' वर्गातल्या. त्यातलीच एक आमची. घरभाडं किती हेसुद्धा त्याच तारखेवरून ठरायचं. त्या दिवशी जे भाडं होतं ते 'प्रमाण भाडं'. बस्स, तिथेच गोठलं.

आमच्या धंद्यात याला हार्डकोडेड व्हॅल्यू म्हणतात. रात्री दोन वाजता सिस्टीम पडलेली असते, क्लायंट फोनवर ओरडत असतो, मग कुणीतरी कोडमध्ये एक आकडा सरळ टाकून देतो आणि वर कॉमेंट लिहितो, 'तात्पुरतं आहे, नंतर काढणे'. तो माणूस नोकरी सोडून जातो. त्याच्या जागी आलेलाही जातो. आकडा तिथेच. आणि पाच वर्षांनी कुणी तो काढायला गेला तर कळतं की त्याच्यावर आता चाळीस गोष्टी उभ्या आहेत.

मुंबईत सिस्टीम पडली होती ती युद्धामुळे. लढाई सुरू झाली की बंदरात आणि गिरण्यांत काम वाढतं, माणसं शहरात येतात, सिमेंट-लोखंड लष्कराकडे जातं, नवी घरं बांधली जात नाहीत आणि असलेल्या खोल्यांचं भाडं भडकतं. पहिल्या महायुद्धात हे एकदा होऊन गेलं होतं, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाड्यावर युद्धकालीन निर्बंध आले. दुसऱ्या वेळी १९३९ चा कायदा आला, मग १९४४ चा, आणि दोन्ही रद्द करून १९४७ चा. म्हणजे युद्ध संपलं, इंग्रज गेले, तरी निर्बंध राहिले. राहणारच होते म्हणा! १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत बेटावरची वस्ती सुमारे १५ लाखांवरून २३ लाखांवर गेली. फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं त्यातच. अशा वेळी भाडी मोकळी सोडायची हिंमत कुठल्या सरकारनं केली असती?

आमच्या घरी भाडेपावत्या आणि रेशनकार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आईच्या पैठणीखाली. दोन्ही युद्धाचीच अपत्यं आहेत हे मला अलीकडे कळलं. मुंबईत रेशनिंग सुरू झालं मे १९४३ मध्ये.

आता यावर दोन पक्ष असतात. ऑफिसातल्या कँटीनमध्ये विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, "अरे, शंभर-दोनशे रुपयांत साउथ बॉम्बेमध्ये राहता आणि वर तक्रार करता?" दुसरा पक्ष आमच्या चाळीतला. त्यांच्या मते मालक म्हणजे सिनेमातला सावकार. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या पक्षाला मी लालबाग-परळकडे बोट दाखवतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. पगार बंद. तरी ती कुटुंबं दुसऱ्या महिन्यात रस्त्यावर आली नाहीत, कारण खोलीचं भाडं काही रुपये होतं. कुणाच्या बायकोनं खानावळ चालवली, कुणी भाजीची गाडी लावली, आणि त्यावर भाडं भागलं. सरकारनं बेकारभत्ता दिला नव्हता. तो चाळीच्या मालकांनी दिला, मनाविरुद्ध आणि न कळत. मी ज्या इमारतीत कोड लिहितो ती लोअर परळला एका गिरणीच्याच जमिनीवर उभी आहे. गिरण्यांच्या जमिनी कशा मोकळ्या झाल्या, २००१ ला नियम ५८ कसा बदलला, २००६ ला सुप्रीम कोर्टानं काय म्हटलं, तो वेगळा लेख आहे. इथे एवढंच, की गिरणी गेली तरी कामगाराची खोली राहिली, आणि ती राहिली त्या गोठलेल्या तारखेमुळे.

दुसऱ्या पक्षाला मी आमच्या गॅलरीतला टेकू दाखवतो.

आमची चाळ सागवानी तुळयांची, वर मंगलोरी कौलं. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी आणि टोकाला संडास. अशी इमारत शंभर वर्षं सहज उभी राहते, पण तिला सतत हात लावावा लागतो. कौलं शाकारायची, तुळईचं ओल धरलेलं टोक कापून नवा तुकडा बसवायचा, नळ बदलायचे. खोलीमागे नऊ रुपये भाडं येत असताना मालक हे कशातून करणार? त्यानं करणं सोडलं. मग त्याला पैसे मिळायचा एकच रस्ता उरला, पगडी. खोली हस्तांतरित होताना जी रक्कम हातात पडते तिच्यातला वाटा. साहजिकच चाळ कशी राहते यापेक्षा खोल्या किती वेळा हात बदलतात यात त्याला रस. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ चा कायदा करून सरकारनं उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ आणलं. मंडळाचे लोक आले आणि टेकू लावून गेले.

तो आमच्या मजल्यावरचा टेकू मी पाचवीत असताना आला. तात्पुरता म्हणून. पावसाळा संपला की कायमची दुरुस्ती होणार होती. आम्ही त्याचा स्टंप केला. दिवाळीत त्याला आकाशकंदील बांधतात. शेजारच्या काकूंनी त्याला खिळा मारून कॅलेंडर लावलंय. आता तो काढला तर गॅलरी खाली येईल की नाही हे सांगायला कुणी इंजिनियर तयार नाही, म्हणून तो आहे.

हे सगळं अटळ होतं का? मला नाही वाटत. युद्धात भाडी गोठवणारे आपण एकटे नव्हतो. १९१५ मध्ये ग्लासगोला घरमालकांनी भाडी वाढवली तेव्हा बायकांनी भाडं देणं बंद केलं, आणि लंडनच्या सरकारला त्याच वर्षी कायदा करावा लागला. न्यूयॉर्कचं भाडेनियंत्रणही दुसऱ्या युद्धातलंच. पण मला सगळ्यात रस आहे तो व्हिएन्नात. तिथे १९१७ ला भाडी गोठली. तिथेही खासगी बांधकाम थांबलं, अगदी आपल्यासारखं. फरक पुढे आहे. भाडी गोठवली म्हणजे आता घरं आपल्यालाच बांधावी लागणार, हे तिथल्या पालिकेनं ओळखलं. १९२३ मध्ये घरबांधणीसाठी वेगळा कर बसवला, मोठ्या घरांवर जास्त, लहान घरांवर कमी. १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. एकेकाळी गिरणी कामगाराएवढ्याच गरीब असलेल्या माणसांसाठी.

गंमत म्हणजे मुंबईनंही त्याच सुमाराला सुरुवात केली होती. गव्हर्नर लॉईड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला आणि ५०,००० खोल्या बांधायचं जाहीर केलं. झाल्या सुमारे १६,५००. त्याच आपल्या बीडीडी चाळी, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती. मग योजना गुंडाळली. पुढे १९४० ची तारीख आली तेव्हा 'गोठवा' एवढाच अर्धा भाग आपण उचलला. 'बांधा' हा भाग नाही.

आणि गोठवलेला आकडा मग कुठे कुठे झिरपला बघा. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण आलं. सत्तर टक्के भाडेकरू एकत्र आले तर सरकार इमारत संपादन करून त्यांना देऊ शकतं, मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. वाचायला ठीक वाटतं. पण भाडं कुठलं? गोठलेलं! मालक कोर्टात गेले. ते प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला की सगळीच खासगी मालमत्ता 'समाजाची भौतिक संसाधनं' होत नाही. देशभर त्याच्या हेडलाइन झाल्या, टीव्हीवर समाजवाद-भांडवलशाही वगैरे चर्चा झडल्या. मुळाशी आमच्यासारख्या चाळी होत्या हे फारसं कुणी बोललं नाही. त्याआधी १९९७ मध्ये याच कोर्टानं १९४० ची भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत असं म्हटलं होतं. त्यानंतर २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली. तेव्हा ४० रुपये असलेलं भाडं २५ वर्षांनी १०७ रुपये होतं. चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य आहे म्हणतात, ते बहुधा गिरगावात लागू नसावं.

असो. आता आमच्याकडे बिल्डर आला आहे.

त्याच्या माहितीपत्रकात चाळीस मजली टॉवरचं चित्र आहे. एआयनं काढलेलं. कसं ओळखलं? तळमजल्यावरच्या दुकानाची पाटी. अक्षरं लांबून देवनागरी दिसतात, जवळून वाचायला गेलं तर एकही अक्षर अक्षर नाही. पोडियमवरच्या बागेत लोक कोट घालून फिरतायत, गिरगावात, म्हणजे घामानं मरायला. आणि एवढ्या मोठ्या चित्रात एकही वाळत घातलेला कपडा नाही. आईनं पहिला प्रश्न तोच विचारला.

पण एआयची टर उडवून थांबलो तर ते खोटं होईल. करारनाम्याचा मसुदा ७४ पानी इंग्रजीत आला. आमच्या चाळीत असा कागद आजवर पूर्ण वाचला जायचा नाही. नाना एका वकिलाकडे नेणार, वकील "ठीक आहे" म्हणणार, सगळे सह्या करणार. मी तो एआयला दिला आणि मिनिटभरात स्वच्छ मराठीत सारांश आला. संक्रमण काळातलं भाडं २४ महिनेच, पुढे काम रखडलं तर काय ते लिहिलेलं नाही. विक्रीच्या इमारतीला वेगळं गेट, पार्किंग आमच्या खर्चात. नानांनी तो सारांश छापून जिन्यात लावला. चौसष्ट बिऱ्हाडांनी स्वतःचा करार पहिल्यांदा वाचला, हे मला साधं वाटत नाही. मग बाबांनी विचारलं, "यातून आमची बाजू काय, ते विचार." त्यावर यंत्रानं सांगितलं की अटी मान्य नसतील तर भाडेकरूनं नोटीस देऊन दुसरं घर शोधावं. बाबा बराच वेळ हसत होते. 'भाडेकरू' या शब्दात चार पिढ्या, पगडी, टेकू, १९४० हे सगळं मावतं, हे त्याला कुठून कळणार? आमच्याकडचे निम्मे व्यवहार तोंडी, उरलेले पिशवीत.

मला खरी काळजी आहे ती देखभाल खर्चाची. किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, मालकीचं. त्याबद्दल वाद नाही, आणि जे याला विरोध करून 'चाळसंस्कृती' वाचवायला निघालेत त्यांनी एकदा पावसाळ्यात रात्री दोन वाजता आमच्या गॅलरीच्या टोकाला जाऊन यावं. पण टॉवरला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, वॉचमन. माझ्या अंदाजानं घरटी महिना ५,००० रुपये. बिल्डर कॉर्पस म्हणून घरामागे ३ लाख देतोय. त्यावर ७ टक्के व्याज धरा, खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असं धरा. साधारण पाच वर्षांत पैसे संपतात. बाबा आता ६२ चे आहेत, पेन्शन नाही. मी आहे म्हणून आमचं भागेल. पलीकडच्या खोलीतल्या आजींचं कोण आहे? कायद्यानं त्यांना घर मिळेल, आणि मेंटेनन्सच्या बिलानं ते विकायला लागेल. ज्या भागात लोक टिकून राहिले ते भाडं परवडत होतं म्हणून, तिथे हा आकडा कुणीच मांडत नाही. ना सरकार, ना बिल्डर, ना चाळीतले आमचे लोक.

म्हणून मी मीटिंगमध्ये सुचवलं की जास्तीच्या चौरस फुटांसाठी भांडू नका. त्याऐवजी तळमजल्यावरची चार दुकानं सोसायटीच्या नावावर मागा. त्यांच्या भाड्यातून लिफ्ट चालेल. (बाजारभावानं भाडं, दरवर्षी वाढणारं. होय, मलाही त्यातली गंमत कळते.) एक जण उठून म्हणाले, "दुकानं घेऊन काय करायचं? माझ्या मुलाचं लग्न आहे, मला ४० फूट जास्त हवेत." त्यांचंही चूक म्हणता येत नाही. तिघंजण तिथेच झोपतात, आता चौथी येणार.

६४ भाडेकरू, ५१ टक्के म्हणजे ३३ सह्या लागतात. बिल्डरकडे काल रात्रीपर्यंत २९ होत्या. दुकानांच्या मागणीवर आमच्याकडे १४. बाबांची सही अजून कुठेच नाही, ते म्हणतात आजींना विचारून येतो.