ऐकायला किती वॅट लागतात?



वस्तू घेताना आकडा मोठा की गरज मोठी, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आमच्या घरी तो ॲम्प्लिफायरच्या निमित्ताने आला.

आईकडे जुन्या एल.पी. रेकॉर्ड आहेत. कुमार गंधर्व आपल्याच मध्यप्रदेशात, देवासला राहिले, म्हणून त्यांच्यावर तिचा विशेष जीव. आता तिची ऐंशी उलटली, ऐकू कमी येते. तिच्यासाठी चांगला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरले. इंटिग्रेटेड म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात.

इंदूरच्या दुकानात दोन यंत्रे दाखवली. एक 50 वॅटचे, दुसरे 100 वॅटचे, किंमत जवळजवळ दुप्पट. दादा म्हणाले, "आईला ऐकू येत नाही ना, मग मोठेच घेऊ."

आम्ही हिंदी माध्यमात 'ध्वनि की तीव्रता' हा पाठ शिकलो होतो, तो इथे कामी आला. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 पट शक्ती लागते. 1978 साली आलेला नॅड कंपनीचा 3020 ॲम्प्लिफायर अवघा 20 वॅटचा होता, तरी जगभर नावाजला गेला. शिवाय वयाप्रमाणे कान आधी बारीक, उंच स्वरांना मुकतो. स, श, फ नीट कळत नाहीत. नुसता आवाज वाढवला तर गोंगाट वाढतो, बोल कळत नाहीत.

म्हणून 50 वॅटचेच घेतले. फोनो इनपुट आहे, हे मात्र पाहून घेतले. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढाच असतो. वाचलेल्या पैशांत आईचे कान तपासून श्रवणयंत्र घेतले. "मला म्हातारी ठरवता का?" म्हणून ती दोन दिवस रुसली होती. शेवटी दादांनीच समजूत घातली. पूर्वीसारखे सगळे ऐकू येते असे नाही, पण तंबोरा आणि बोल वेगवेगळे कळतात, असे ती सांगते.

मुलांनो, 85 डेसिबलचा आवाज रोज 8 तासांहून अधिक कानावर पडणे घातक मानतात. पॉवरलूमच्या शेडमध्ये तो बहुधा याहून जास्तच असतो. तिथे काम करणाऱ्या पालकांनी कानात बोळे जरूर घालावेत, आणि मुलांनी इयरफोनचा आवाज कमी ठेवावा. ॲम्प्लिफायर बाजारात मिळतो. गेलेला कान मिळत नाही.